रिकाम्या भूमीचे कल्पित : ठोकळ्यांची प्रतिसृष्टी आणि मावळातील पांढरी

वस्ती उभारणे ही मानवी कृतींपैकी अत्यंत उघड अशी नैतिक कृती आहे. घर बांधताना, गाव वसवताना, नदीवर बांध घालताना त्या जागी आधी काय होते आणि कोण होते, या प्रश्नाला बोलून वा न बोलता उत्तर द्यावेच लागते. हा प्रश्नच जिच्यात उद्भवत नाही अशी वस्ती-उभारणी कल्पिता येईल काय, आणि कल्पिता आली तर तिच्यातून लाभणाऱ्या आनंदाचे नैतिक स्वरूप काय, हा विचार एरवी तर्काच्या पातळीवरच राहिला असता. ठोकळ्यांनी जग रचण्याच्या संगणकीय खेळाने तो कोट्यवधी मुलामाणसांच्या रोजच्या व्यवहारात आणून ठेवला आहे.

मार्कस पेर्सन या स्वीडिश प्रोग्रामरने २००९ मध्ये लोकांसमोर ठेवलेला आणि २०११ च्या नोव्हेंबरात पूर्णरूपाने प्रसिद्ध झालेला ‘माइनक्राफ्ट’ हा या प्रकारातील प्रमुख खेळ. २०१४ मध्ये त्याची निर्माती मोजांग ही कंपनी मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली. खेळाची रीत थोडक्यात अशी : सारे जग एकेक मीटरच्या घनाकृती ठोकळ्यांचे आहे. माती, दगड, लाकूड, वाळू, सारे ठोकळ्यांतच. ठोकळा फोडावा, पिशवीत टाकावा, दुसरीकडे मांडावा. जिंकण्याची सक्ती नाही, कथानकाचा आग्रह नाही. खेळाडूने घर बांधावे, शेत करावे, खाणीत उतरावे, क्षितिजापलीकडे काय आहे ते पाहायला निघावे. रात्री अंधारातून राक्षसी प्राणी निर्माण होतात. त्यांना दूर ठेवण्याचा उपाय म्हणजे मशाली लावून जागा उजळणे.

साहित्यविचाराचा या खेळाशी संबंध येतो तो ‘प्रतिसृष्टी’ या संकल्पनेच्या द्वारा. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या आरंभीच कवीची निर्मिती नियतीच्या नियमांपासून मुक्त मानली, आणि विश्वामित्राच्या कथेने प्रतिसृष्टी हा शब्द मराठी समीक्षेला सहज वापरता येईल असा करून दिला. ठोकळ्यांची सृष्टी मात्र या अर्थाने मुक्त नाही. ती नियमांचीच बनलेली आहे. फक्त ते नियम निसर्गाचे नाहीत. झाडाचा बुंधा तोडला तरी शेंडा हवेत तसाच राहतो. वाळू आणि खडी खाली कोसळते, पण दगडाचा पूल निराधार उभा राहतो. कवीची सृष्टी नियतीला बाजूला सारते; या सृष्टीत नियतीच नव्याने लिहिलेली आहे, आणि ती लिहिणारा खेळाडू नव्हे. खेळाडूला निर्मात्याचा आनंद मिळतो. निर्मात्याचे दायित्व मात्र त्याच्याकडे येत नाही. हे अंतर बारीक वाटले तरी पुढील सारा विचार त्यावरच उभा आहे.

या जगाचा उगम एका संख्येत असतो. तिला खेळाच्या परिभाषेत ‘बीज’ म्हणतात. तीच संख्या दिली की तोच डोंगर, तीच नदी, तीच गुहा पुन्हा निर्माण होते. तथापि बीज दिल्याबरोबर सारे जग तयार होत नाही. खेळाडू ज्या दिशेने चालू लागतो त्या दिशेला, तो जवळ येताच, भूमी घडत जाते. म्हणजे पुढचा डोंगर नियत आहे, पण अद्याप अस्तित्वात नाही. शोध या शब्दाचा आपला अर्थ असा की जे होतेच ते सापडले. येथे पाऊल हाच उत्पत्तीचा क्षण आहे. डीफोच्या रॉबिन्सनला (१७१९) निर्जन मानलेल्या बेटावर एके दिवशी परक्या पावलाचा ठसा दिसतो आणि त्याची सारी मालकी थरथरते. ठोकळ्यांच्या जगात एकटा खेळणाऱ्याला असा ठसा कधीही दिसणार नाही. त्याच्या आधी तेथे कोणी नव्हते ही केवळ समजूत नाही. ती संरचनेने दिलेली हमी आहे.

श्रम मिसळल्याने भूमी आपली होते, हा लॉकचा सिद्धांत सर्वज्ञात आहे. त्याला त्याने एक अट जोडली होती : इतरांसाठी पुरेशी आणि तितकीच चांगली भूमी शिल्लक राहिली पाहिजे. ही अट प्रत्यक्षात कोठे पूर्ण झाली असेल तर ती या खेळात. मध्यबिंदूपासून प्रत्येक दिशेला तीन कोटी ठोकळे, म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या सुमारे सातपट क्षेत्र, एका खेळाडूपुढे मोकळे पडलेले आहे. सतराव्या शतकातील एक तात्त्विक सोय अशी यंत्रात सिद्ध व्हावी, ही गोष्ट गमतीची खरीच, पण केवळ गमतीची नाही. कारण ती सोय मुळात अमेरिकेच्या भूमीकडे पाहून सुचली होती, आणि त्या भूमीवर माणसे होती.

मराठी भाषेत रिकाम्या भूमीला सरळ शब्द सापडत नाही, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्याकडे ‘ओस’ आहे, ‘ओसाड’ आहे, ‘उजाड’ आहे, ‘पडीक’ आहे. प्रत्येक शब्दाच्या पोटात पूर्वी कोणी तरी असल्याची खूण आहे. महसुली दप्तरातील ‘बेचिराख’ हा शब्द तर विलक्षण आहे. ज्या मौज्यात दिवा लागत नाही ते बेचिराख. पण त्याचे नाव, त्याची शीव दप्तरात कायम. माणसे गेली तरी गाव कागदावर आपली जागा सोडत नाही. खेळातील मशाल आणि दप्तरातील चिराग यांचे साम्य योगायोगाचे असले तरी उद्बोधक आहे : दोन्हीकडे वस्ती म्हणजे दिवा. फरक इतकाच की दिवा लागण्यापूर्वीच्या अंधारात खेळाला केवळ राक्षस दिसतात. दप्तराला तेथे गेलेली माणसे दिसतात.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथाच्या वाचकाला काळी आणि पांढरी हे द्वंद्व परिचित असते. काळी म्हणजे शेतीची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरी ही केवळ मातीची जात नव्हे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या भिंती पडून, राख साचून, माणसांच्या वावराने ती माती झालेली असते, आणि गाव तिच्याशी देवतेसारखा व्यवहार करते. गाव वसवणे म्हणजे शून्यावर आकडा लिहिणे, असे आपल्या परंपरेने कधी मानलेले दिसत नाही. ओसाड गाव लागवडीला आणायचे तर मराठेशाहीत रयतेला कौल द्यावा लागे. पहिल्या वर्षी सारा नाममात्र, पुढे वर्षागणिक चढता, ज्याला इस्तावा म्हणत. पुण्याविषयीची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त करून त्यावर गाढवांचा नांगर फिरवला, आणि पुढे शिवाजीराजांच्या बालपणी तेथे सोन्याचा नांगर चालवून गाव पुन्हा वसवले. सोन्याच्या फाळाच्या तपशिलाविषयी इतिहासकारांनी काय ते ठरवावे. कथेतील नैतिक जाण मात्र स्पष्ट आहे : भूमीला शाप लागू शकतो, म्हणजेच तिला स्मरण असते, आणि नव्याने वसवणाऱ्याला आधी त्या स्मरणाशी बोलावे लागते.

या जाणिवेच्या उलट टोकाला मावळाचा आधुनिक इतिहास उभा आहे. आज भुशी हे नाव उच्चारताच धरण आठवते, गाव आठवत नाही. घाटाची रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. ती चढवताना हजारो मजूर दगावले. आणि वाफेच्या इंजिनांना पाणी हवे म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने इंद्रायणीच्या उगमाजवळच्या पात्रात भुशीचा दगडी बांध घातला. पुढे वाफेची इंजिने गेली, बांध राहिला, आणि त्याच्या पायऱ्यांवरून पावसाळ्यात वाहणारे पाणी हीच त्याची ओळख झाली. हेच पाणी खाली देहू-आळंदीला जाते, हे पायऱ्यांवर बसलेल्या गर्दीला माहीत असतेच असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी याच परिसरात वळवण आणि शिरोटा येथे तलाव झाले व १९१५ मध्ये खोपोलीला वीज तयार होऊ लागली. त्यानंतर दक्षिणेस मुळशीचे खोरे. तेथे मात्र १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. भूमी रिकामी नाही हे सांगण्यासाठी माणसे बांधाच्या कामावर जाऊन बसली.

मुळशीच्या वादात मोबदल्याचा प्रश्न वारंवार येतो, आणि तेथेच ठोकळ्याची कल्पना आपल्या खऱ्या रूपात दिसते. मोबदला देणारा असे मानतो की एकराला एकर, रुपयाला रुपया, घराला घर. म्हणजे भूमी एकसारख्या, अदलाबदल करण्याजोग्या घटकांत विभागता येते. आंबेमोहोराच्या खाचरातला शेतकरी हे मानत नाही. त्याला कमी मिळाले एवढीच त्याची तक्रार नसते. ‘तितकेच’ हा शब्दच त्याला मान्य नसतो. ठोकळा ही म्हणूनच केवळ चित्रणाची सोय नव्हे, ती एक तत्त्वमीमांसा आहे. प्रत्येक मीटर दुसऱ्या मीटरसारखा, आणि कोणताही मीटर आधी कोणाचा नव्हता. रिक्तता आणि समानता या दोन गृहीतकांच्या संयोगातून खेळाचा आनंद उपजतो, आणि नेमक्या त्याच संयोगातून मावळातील बुडालेली गावे बुडाली. २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मोसे खोऱ्यातील लवासा या डोंगरी नगराचे काम थांबवण्याचा आदेश दिला, तेव्हा वाद कायद्याच्या भाषेत चालला. परंतु डोंगर ही नकाशावरची कोरी जागा आहे ही दृष्टी त्या वादाच्या तळाशी होतीच.

येथे आक्षेप येणे स्वाभाविक आहे. खेळ हा खेळ आहे. हौझिंगाने १९३८ मध्येच दाखवून दिले की खेळ आपल्याभोवती वर्तुळ आखून घेतो आणि त्या वर्तुळात बाहेरचे नियम चालत नाहीत. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त मांडलेल्या दोन ध्रुवांच्या भाषेत बोलायचे तर, ठोकळ्यांच्या घराला लौकिक न्याय लावणे म्हणजे अलौकिकाच्या ध्रुवावरील वस्तू चुकीच्या कसोटीला लावणे होय. आक्षेपात तथ्य आहे. खेळात डोंगर पोखरणारा मुलगा कोणाचेही नुकसान करत नाही, आणि त्याला अपराधी ठरवणारी समीक्षा हास्यास्पद होईल. पण पाटणकरांचे म्हणणे ध्रुव दोन आहेत एवढेच नव्हते. कलाव्यवहार या दोहोंमधील ताणात घडतो हेही त्यात आहे. खेळाने भूमीविषयी एक विधान केले आहे. विधान करणाऱ्या संहितेला अर्थ विचारण्याचा अधिकार वाचकाला असतोच.

शिवाय या रिकाम्या जगात कधी कधी गावे सापडतात. यंत्रानेच घडवलेली, लांब नाकाच्या गावकऱ्यांची. त्यांना भाषा नाही. ते केवळ हुंकार देतात. कामकरी गावकऱ्याचा व्यवसाय त्याच्याजवळ मांडलेल्या ठोकळ्यावर ठरतो : व्यासपीठ ठेवले तर तो ग्रंथपाल, ऐरणीसारखी वस्तू ठेवली तर लोहार, आणि त्याच्याशी एकही सौदा होण्याआधी तो ठोकळा काढून घेतला की व्यवसायही जातो. आपल्या बलुतेदारीत जन्माने व्यवसाय ठरे. येथे परक्याच्या सोयीने ठरतो. कोणती व्यवस्था अधिक निर्दय हे सांगणे कठीण आहे. अनुभवी खेळाडू या गावकऱ्यांना एकेका ठोकळ्याच्या कोठडीत ओळीने कोंडून त्यांच्याशी पाचूंचा व्यापार करतात. गावकऱ्याला वेदना नाही, म्हणून त्याच्याबद्दल कर्तव्य नाही, हे खरे. कांटने प्राण्यांविषयी म्हटले होते की त्यांच्याशी क्रौर्याने वागणारा स्वतःतील माणुसकी बोथट करतो. तो युक्तिवाद येथे जसाच्या तसा लागू होईल की नाही, याविषयी शंका घेता येते. परंतु जे जग रिकामे म्हणून दिले गेले तेथे सापडलेल्या एकमेव रहिवाशांचे स्थान कोठडीत असावे, ही बाब योगायोगाची वाटत नाही.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्रातील मुलांचा एक जुना खेळ तपासून पाहण्याजोगा आहे. दिवाळीच्या आधी अंगणात, जिन्याखाली, सोसायटीच्या कोपऱ्यात किल्ला होतो. विटा आणि दगडांचा सांगाडा, त्यावर गोणपाट, त्यावर चिखल. बुरूज, तट, दरवाजा, गुहेत वाघ. वर अळीव किंवा मोहरी पेरतात आणि चार-सहा दिवसांत डोंगर हिरवा होतो. हेही बीजच, फक्त ते संख्येचे नव्हे. हाही वस्ती उभारण्याचाच खेळ आहे, आणि मूलही येथे निर्मातेपणाचाच आनंद घेते. तरी दोन्ही खेळांत मूलभूत भेद आहे. दिवाळीचा किल्ला कधीच रिकामा नसतो. सिंहासनावर महाराज, तटावर मावळे. आणि पायथ्याशी, सर्वांत मनापासून, गाव. पाणी भरणारी बाई, बैलजोडी, भाजीवाली, विहीर. किल्ल्यावरची ही मातीची चित्रे प्रमाणात बसत नाहीत, गवळण बुरुजाहून उंच असते. कोणी हरकत घेत नाही. शिवाय किल्ला कोणता, हे ठरलेले असते : राजगड, प्रतापगड, किंवा मावळातल्या मुलांसाठी समोर दिसणारा लोहगड. म्हणजे मूल शून्यातून जग निर्माण करत नाही. आधीच कोणाचे तरी असलेले जग ते आदराने पुन्हा मांडते. आणि दिवाळी संपली की माती मातीत जाते, चित्रे कागदात गुंडाळून माळ्यावर.

या तुलनेतून जुना खेळ शुद्ध आणि नवा दूषित असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि म्हणूनच टाळले पाहिजे. दिवाळीच्या किल्ल्यातील इतिहास बहुधा ठरीव असतो. त्यात बंड नाही, दुष्काळ नाही, किल्ला बांधणाऱ्या बेलदाराचे चित्र बाजारात सहसा मिळत नाही. उलट ठोकळ्यांच्या खेळाने एक गोष्ट प्रामाणिकपणे दाखवली आहे, जी खऱ्या नगररचनेत झाकली जाते : खडतर प्रकारात खेळणाऱ्याच्या प्रत्येक घराला त्याच्याएवढा खड्डा असतो. भिंतीतला दगड कोठून तरी फोडून आणलेला असतो आणि ती जागा खेळाडूच्या डोळ्यांसमोर उघडी राहते. शहरातील घराची खाण घरमालकाला दिसत नाही. मावळातच याचे प्राचीन उत्तर आहे. भाजे आणि कार्ले येथील लेण्यांत घर आणि खड्डा एकच आहेत. दगड काढून टाकला, तेच निवासस्थान झाले. खेळातील नवखा पहिल्या रात्री डोंगरात खोदून तोंड बुजवून बसतो, तेव्हा तो नकळत या जुन्या युक्तीकडेच वळलेला असतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. कोणी काय दिले याचा हिशेब दगडातच ठेवला. खोदणाऱ्यांची नावे तेथेही नाहीत.

शोधयात्रेविषयी थोडे. खेळात मृत्यू आहे, पण तो परतीचा आहे. खेळाडू ज्या अंथरुणावर शेवटचा झोपला तेथे तो पुन्हा जागा होतो. जे हरवले ते मरणाच्या जागी थोडा वेळ पडून राहते. घर म्हणजे मेल्यावर परत येण्याची जागा, ही व्याख्या कोणत्याही काव्यशास्त्राला हेवा वाटावा अशी आहे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्या दुर्घटनेचा संबंध खेळांशी जोडणे अन्यायाचे होईल, आणि मृतांशी तर अधिकच. परंतु भूदृश्य केवळ आपल्या पाहण्यासाठी तेथे ठेवलेले आहे, त्याला स्वतःचा पावसाळा, स्वतःचे वेळापत्रक नाही, ही पर्यटनाने रुजवलेली दृष्टी खेळाहून कितीतरी जुनी आहे. खेळाने तिला फक्त जग बांधून दिले.

तरीही खेळ आपल्याच गृहीतकाला आतून छेद देतो, आणि तो छेद दुर्लक्षून चालणार नाही. खेळाडूचे पहिले घर बहुधा ओबडधोबड असते : मातीची भिंत, एक दार, एक मशाल. पुढे तो वाडे बांधतो, मनोरे उभारतो. पण ते पहिले घर पाडायला पुष्कळांचे हात वळत नाहीत. त्यातील ठोकळे इतर कोणत्याही ठोकळ्यांसारखेच आहेत. त्याहून सुबक घर दहा मिनिटांत उभे राहील. तरी ते ‘तितकेच’ नाही. वास्तव्याने त्या चौकोनी मातीची पांढरी झालेली असते. अदलाबदलीच्या तत्त्वावर रचलेल्या जगात, ते तत्त्व नाकारणारा अनुभव काही तासांत उगवतो. एकाच सर्व्हरवर अनेक जण खेळू लागले की हीच गोष्ट उघड संघर्षाचे रूप घेते. कोणी दुसऱ्याचे घर फोडतो, आणि फुटलेले ठोकळे परत देऊ केले तरी घरधन्याचे समाधान होत नाही. मग शिवा आखल्या जातात, नियम होतात, पंच नेमले जातात. भाषा वेगळी असली तरी तक्रार मुळशीचीच.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी वस्तीविषयक संस्थेने २०१२ पासून याच खेळाचा उपयोग गरीब वस्त्यांतील सार्वजनिक जागांच्या आराखड्यांसाठी केला. नैरोबीच्या किबेरा वस्तीत रहिवाशांनी आपल्या मैदानाचे रूप ठोकळ्यांत मांडले. तेथे जग रिकाम्या बीजापासून सुरू झाले नाही. आधी आहे ते मैदान, आहेत ते रस्ते, आहेत ती घरे ठोकळ्यांत उतरवावी लागली, आणि मगच एखादा ठोकळा हलवण्याचा अधिकार मिळाला.

मावळातील एखाद्या मुलाने फोनवर लोहगड बांधायला घेतला तर विंचूकाटा त्याला लवकर जमेल. लांबट सोंड ठोकळ्यांत छान बसते. तटबंदीही होईल. पायथ्याच्या लोहगडवाडीशी आल्यावर मात्र त्याला थांबावे लागेल, कारण तेथे कोण राहते हे त्याला कोणाला तरी विचारावे लागेल, आणि खेळात विचारण्यासाठी हुंकार देणाऱ्या गावकऱ्यांखेरीज कोणी नाही.